आंधळीच्या कानातला बोळा

लग्नात, बारशाला, कुठेही चार माणसं जमली की माझ्या वाट्याला एक खेळ ठरलेला असतो. कुणीतरी पाय न वाजवता येतं, माझ्या कानाला तोंड लावतं आणि म्हणतं, "वळखा बघू, मी कोण?" तोंडाला गुटख्याचा नाहीतर कांद्याचा वास येत असतो, कधी कानावर थुंकीचा शिंतोडाही उडतो. बाकीचे गप्प राहून वाट बघतात. मी बरोबर नाव सांगितलं की टाळ्या पडतात आणि कुणीतरी म्हणतंच, की देवानं डोळ्यांचा वाटा हिच्या कानांना दिलाय. लहानपणी मला तो मान वाटायचा. आता शिसारी येते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले आणि अजून तिथेच राहते. घर विणकरांचं. खाली यंत्रमागांचा कारखाना, वर आम्ही. घरात तेलुगू बोलतो, जिना उतरला की सोलापुरी मराठी. शाळा मराठी झाली म्हणून लिहायचं म्हटलं की मला घरातलं बोलणंही मराठीतच सुचतं. लिहायचं म्हणजे फोनला सांगायचं, तो टिपून घेतो आणि परत वाचून दाखवतो. मला काही कळायच्या आधीच गोवरात डोळे गेले. उजेड कसा असतो ते आठवत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मी कधी रडलेही नाही. लग्न झालं नाही. वडील गेल्यावर कारखाना धाकट्या भावाकडे आला आणि कारखान्याबरोबर मीही आले.

यंत्रमाग ज्यानं जवळून ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. आडवं सूत नेणारा लाकडी धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिथे आदळतो, लगेच परत फेकला जातो, आणि बसक्या छताखाली असे कितीतरी माग एकदम चालू असतात. तिथे बोलणं ऐकू जाणं शक्य नाही. म्हणून विणकर हातानं खुणा करतात, ओठ हलवतात आणि समोरचा ओठ बघून समजून घेतो. कानात सगळ्यांच्या सुताचे बोळे असतात. मागाखाली पडलेला गुंता उचलायचा, थुंकी लावून वळायचा आणि कानात दाबायचा. संध्याकाळी तेच बोळे तेलकट, चिकट होऊन जिन्याच्या पायऱ्यांवर टाकलेले असायचे आणि माझ्या अनवाणी पायाखाली यायचे. अजून आठवलं तरी तळपायाला ते गिळगिळीत लागतं आणि पाय धुवावासा वाटतो.

मी लहान होते, आईजवळ धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला बसले होते. म्हटलं, भिंतीकडचा माग लंगडतोय. कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं त्याच मागाचा धोटा उसळून बाहेर आला आणि ताण्याचे पुष्कळ उभे धागे तोडून गेला. त्या दिवसापासून वडील मला हाताला धरून एकेका मागाशी नेऊन उभं करू लागले. माग दुरुस्त करणारा जॉबर यायच्या आधी मी सांगायचे की ठोका कुठल्या बाजूला उशिरा पडतोय. मला त्यात काही अवघड वाटायचं नाही. बाकीच्यांना जो एक सलग गोंगाट होता, तो माझ्यासाठी एक नव्हताच. त्यात प्रत्येक मागाची जागा वेगळी होती, चाल वेगळी होती, आणि ज्याची चाल बिघडली तो आपोआप उठून दिसावा तसा मला कळायचा.

एकदा कान ठणकत होता म्हणून मीही दोन बोळे वळले आणि घातले. वडिलांनी आपल्या बोटांनी ते उपसून काढले. "तुला कशाला बोळा?" ते म्हणाले. "तुजा कान देवाचा हाय. बोळा घातल्यावर ऐकशील कसं?" त्यांच्या बोटांना मागाच्या तेलाचा वास होता आणि नख लागून कानात थोडं रक्त आलं. आईनं त्यात कोमट तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी मी परत मागांच्या मधे उभी होते. सगळ्या कारखान्यात उघडे कान फक्त माझे होते.

वडील दुष्ट नव्हते. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त वीट येतो, की यात कुणीच दुष्ट नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की आंधळीचा कान वेगळ्या मातीचा असतो आणि त्याला काही होत नाही.

पुढे माझं नाव झालं. आसपासचे कारखानदार नवा माग घेतला की मला बोलवायचे. भाऊ स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. तिथे पोचलं की माझ्या तोंडात कुणीतरी न विचारता पेढा कोंबायचं, मग मला मागाशी उभं करायचे. खंडेनवमीला तर आमच्या घरी रीतच पडली. मागांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ हे झाल्यावर भाऊ एकेक माग थोडा वेळ चालू करायचा आणि मी त्याच्याजवळ कान नेऊन "चांगला हाय" म्हणायचे. ते म्हटल्याशिवाय कुणी प्रसाद घ्यायचं नाही. पाहुणे माझ्या पाया पडायचे, काही बायका माझ्या कानाच्या पाळीला बोट लावून ते स्वतःच्या डोळ्यांना लावायच्या. कुठकुठली खरकटी बोटं कानाला लागायची आणि मी हसत उभी राहायचे.

कान जायला लागले ते कधी, हे मला सांगता येणार नाही. आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, सोलापुरातून चिमण्याच गेल्या असतील, लोक तसं म्हणतच होते. मग पाल चुकचुकायची थांबली. मग भिंती दूर गेल्या. हे डोळस माणसाला समजावणं अवघड आहे. मी चालते तेव्हा चपलेचा आवाज भिंतीवरून, दारावरून, कपाटावरून परत येतो आणि त्यावरून मला कळतं की समोर काय आहे, दार उघडं आहे की लावलेलं. हे मी मुद्दाम करत नव्हते, आपोआप व्हायचं. ते व्हायचं बंद झालं आणि ज्या घरात मी जन्मले त्या घरात कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ फोडून घेतलं. कानात मात्र एक बारीक किरकिर सुरू झाली, ती कधी थांबतच नाही.

तरी कुणाला कळलं नाही, कारण मीच निभावून नेत होते. "वळखा बघू" आलं की मी वास घ्यायचे. कुणाला तंबाखूचा, कुणाला खोबरेल तेलाचा, कुणाला त्या कुबट टेरिकॉटच्या शर्टाचा. माणूस उभा राहिला की फरशी किती दबते यावरूनही कळायचं. माझं नाक राबत होतं आणि कौतुक कानाचं चाललं होतं. घरी आल्यावर तो वास नाकातून जायचा नाही, चूळ भरून भरून मी थकायचे.

त्यात आमच्या गावाला मिरवणुकांची काय हौस आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक संपली की दुसरी. डॉल्बीच्या भिंती उभ्या करतात, आणि डोळस लोक तक्रार करतात की छातीत धडधडतं, खिडकीच्या काचा हलतात. माझा रस्ताच पुसला जातो. गाडी कुठे, गटार कुठे, आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत, काही उरत नाही. एकदा अशा वेळी मी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी अडकले होते. एका ओळखीच्या माणसानं हात धरून घरी आणलं आणि वर माझ्या कानात ओरडून म्हणाला, तुमाला तर लई मजा येत असंल, सगळं बारीकसारीक ऐकू येत असंल. मी त्याला धन्यवाद दिले.

शेवटी मी भावजयीला सांगितलं. "मला कमी ऐकू यायलंय." ती म्हणाली, "तुमाला? मग आमी काय करायचं?" आणि हसत भाकरी थापायला लागली. भाकरीची थाप तेवढी मला स्पष्ट ऐकू आली. तिचं पुढचं बोलणं आलं नाही.

मग मी एकटीच रिक्षा करून शहरातल्या कानाच्या दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या बाईनं मला काहीच विचारलं नाही, मला आत पोचवायला आलेल्या रिक्षावाल्याला विचारलं, "यांना काय होतंय?" तपासणी करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचे कान आमच्यापेक्षा भारी असणार, तुम्हाला कशाला टेस्ट?" मी म्हटलं, कर बाबा तुझं काम.

त्यानं मला एका बारक्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. त्या खोलीत आवाज परत येत नाही, सगळं भिंतींमध्ये मुरतं. तो म्हणाला होता, घाबरू नका, फक्त शांतता असते. पण ती शांतता नव्हती. भिंती नव्हत्या, छत नव्हतं, मी कशावर बसले आहे तेवढं कळत होतं आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. लोक मला आयुष्यभर विचारत आले, अंधार कसा असतो हो? मला तो तिथे पहिल्यांदा कळला. कानातली किरकिर तेवढी सोबतीला होती. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं होतं. मी घामानं ओल्या झालेल्या बोटात बटण धरून बसले आणि बराच वेळ दाबायची वेळच आली नाही.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही कधी खूप आवाजात काम केलंय का?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि कानात काही घालत नव्हता?" मी वडिलांनी बोळे उपसल्याचं सांगितलं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कान सगळ्यांचे सारखेच, त्या म्हणाल्या. आंधळ्याचा कान काही वेगळा घडवलेला नसतो, मोठ्या आवाजानं तो डोळसाच्या कानासारखाच झिजतो. वेगळं होतं ते मेंदूत. डोळस माणसाच्या मेंदूत मागच्या बाजूला बघण्यासाठी मोठी जागा राखलेली असते. लहानपणीच दृष्टी गेली तर ती जागा रिकामी पडत नाही, ऐकणं आणि स्पर्श तिथे राहायला येतात. म्हणून आवाज कुठून आला, कशावर आपटून आला, हे मला पटकन लागायचं. "कानातून जेवढं कमी आलं ते तुमच्या मेंदूनं इतकी वर्षं भरून काढलं," त्या म्हणाल्या. "म्हणून कुणाला कळलं नाही. पण मेंदू काही नसलेला आवाज तयार करू शकत नाही."

मी विचारलं, "मग माझ्या भावाचं काय? बोळे घालूनही तो माझ्याहून बहिरा झालाय, मागून हाक मारली तर ओ देत नाही. त्याचं कसं चालतं?"

"ते डोळ्यांनी ऐकतात," त्या म्हणाल्या. "डोळस माणसं सगळीच थोडं थोडं तसं करतात. ओठ, चेहरा, हात बघून मेंदू अर्धं वाक्य भरून काढतो, आणि त्यांना वाटतं आपण ऐकलं. तुमच्या भावाला मागांच्या गोंगाटात ओठ वाचायची सवय झाली आहे, त्यामुळे ते जास्त करतात. तुम्हाला ती सोय नाही." मग त्यांनी सरळ सांगितलं की गेलं ते परत यायचं नाही. उरलं आहे ते राखायचं असेल तर दोन्ही कानांत यंत्रं बसवायची आणि कारखान्यात परत पाऊल टाकायचं नाही. उरलेलंही गेलं तर मला कुणी काही सांगायचं तर माझ्या तळहातावर बोटानं लिहावं लागेल, हे त्या बोलल्या नाहीत. ते मी रिक्षात बसल्यावर माझं मलाच म्हटलं आणि पूर्ण रस्ताभर हात पदराखाली झाकून घेतला.

घरी येऊन सांगितलं तर भाऊ हसला. "आंधळ्या माणसाला भैरेपन येत न्हाय," तो म्हणाला. "देव एवडा वाईट न्हाय. डाक्टर लोकांचं काय, मिशीन खपवायची असती त्यांना." मी दोनदा, तीनदा सांगितलं. मग तो म्हणाला, खंडेनवमी होऊ दे, बघू. नवे घेतलेले माग होते, मोठमोठे कारखानदार यायचे होते, आणि कानात यंत्र घातलेली बहीण त्याला त्यांच्यापुढे उभी करायची नव्हती. त्याच्या घामाचा वास, त्याचं ते समजुतीचं हसू, माझ्या खांद्यावर थोपटणारा तो हात, कशाकशाची म्हणून मला किळस आली ते सांगता येत नाही. आणि हा भाऊ मी कडेवर खेळवलेला आहे.

खंडेनवमीला मला नवी साडी नेसवून खाली नेलं. झेंडू, उदबत्ती आणि मागाचं तेल असा एकत्र वास दाटला होता. नारळ फुटला. भावानं पहिला नवा माग चालू केला आणि माझा दंड धरून मला पुढे केलं. ठोके माझ्या दातांत जाणवत होते. पण चाल ऐकू येत नव्हती, नुसता एक जाड धबधबा होता, इतर लोकांना असतो तसा. मी वाकले, मागाखाली हात घालून सुताचा गुंता उचलला, त्याचे दोन बोळे केले, थुंकी लावली आणि सगळ्यांच्या देखत कानांत दाबले.

काय कल्लोळ झाला तो मला अर्थातच ऐकू आला नाही. माग बंद झाला हे पायांना कळलं. कुणीतरी माझा हात ओढला, तो मी सोडवून घेतला आणि कठडा धरून वर आले. बोळे मी काढले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कानाला थोडं ऊबदार वाटत होतं.

थोड्या वेळानं भावजय आली. मी बोळे काढले तेव्हा ती विचारत होती, "कुणी काय बोललं का तुमाला? साडी आवडली न्हाय का? दुसरी आणू का?" पाहुणे म्हणे असंच म्हणत होते, की अक्का कशावरून तरी रुसल्यात, देवाचा कान रुसला, नारळ परत फोडा. आणि त्यांनी तो खरंच परत फोडला होता. मी म्हटलं, साडी घेऊन जा.

दिवेलागणीला भाऊ वर आला. पूजेचा दिवस म्हणून माग बंद होते, घर कधी नव्हे इतकं शांत होतं. सुताचा भुगा येतो म्हणून माझ्या खोलीची खिडकी आम्ही कायम लावून ठेवतो. तो दिवा लावून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, मुद्दाम जवळ, मोठ्यानं बोलत.

"चार लोकांत काय करायलीस तू? जे ते मला विचारालंय, तुज्या बहिनीला काय झालं?"

"मी तुला सांगितलं होतं काय झालंय ते. मला यंत्रं पाहिजेत आणि मी खाली परत येणार नाही."

"आनी माजे कान काय शाबूत हायेत व्हय?" तो म्हणाला. "तुज्यापरीस मलाच कमी येतंय. मी बसलो का मिशीन लावून? धंदा चालतोय, संसार चालतोय. बाप बी तसाच गेला. सवय करायची असती, अक्का. तू लई मनाला लावून घेतलंस."

त्याला खरंच तसं वाटत होतं. माझं प्रत्येक वाक्य तो माझ्या तोंडावरून उचलत होता आणि त्याला वाटत होतं की तो ऐकतोय. मी उठले. दाराशी गेले, दार लावलं आणि भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं. हा दिवा इतरांसाठीच असतो, मला त्याचा कधी उपयोग नाही.

"लाईट का घालवलीस?" तो म्हणाला.

मी दाराला पाठ टेकून उभी राहिले आणि मघाच्याच आवाजात बोलू लागले. म्हटलं, आता तुझ्यापुढे माझे ओठ नाहीत. तुझं जसं आत्ता झालंय तसं माझं थोड्या दिवसांनी कायमचं होणार आहे. तू बटण दाबशील आणि तुला सगळं परत मिळेल. माझ्या भिंतीला असलं बटण नाही. वडिलांना कळत नव्हतं म्हणून त्यांनी माझे बोळे काढले, तुला डॉक्टरांचं सांगून पण कळत नाही. मला तुमच्या सगळ्यांचा फार वीट आलाय, तरी तुमचं बोलणं मला ऐकायचं आहे. तुझ्या मुलांचं ऐकायचं आहे. तुझं पण.

खुर्ची सरकली. तो उठला असावा. त्याचा पाय पलंगाला आपटला आणि तो तिथेच थांबला. माझा भाऊ, ज्या खोलीत लहानपणी माझ्या कुशीत झोपला त्या खोलीत, हात पसरून उभा होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ भिंतीला घासत गेलं, माझ्या बाजूला नाही, उलट्या बाजूला.

"अक्का?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "हितंच हायस न्हवं? गप का झालीस? बोल की काय तर."

मी बोलतच होते.